आमच्या गल्लीत कोणी मरत नाही

माझी बायको फेब्रुवारीत गेली. महापालिकेला ते जूनमध्ये कळलं, आणि कळवणारा मीच होतो.

मुद्दाम कळवायला गेलो नव्हतो. घरपट्टी भरायला गेलो होतो. जूनअखेरपर्यंत भरली की सूट मिळते, आणि ही सूट आमच्या घराने कधी सोडली नाही. आमच्या घराने म्हणजे लिलाने. घर तिच्या नावावर, पट्टी तिच्या नावाची, रांगेत उभी राहायची तीच. मी चटईच्या कारखान्यात सुपरवायझर होतो, दिवसा सुट्टी मिळायची नाही. निवृत्त झालो तरी तिने ते काम माझ्याकडे दिलं नाही. "तुम्ही रांगेत लोकांना पुढे जाऊ देता," म्हणायची. हे खरं आहे. त्या दिवशीही मी दोघा-तिघांना पुढे जाऊ दिलं.

खिडकीत मयुरी नावाची मुलगी होती. नाव तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर होतं. तिने घराचा नंबर कॉम्प्युटरमध्ये टाकला.

"मालक लिलाबाई रुपचंद तायडे. बरोबर?"

"बरोबर."

"मालक हयात आहेत ना?"

यंदा सगळ्या मालकांची माहिती नव्याने भरून घेत होते. मोबाइल नंबर, आधार आणि हा एक प्रश्न. माझ्या पुढचा माणूस 'हो' म्हणाला होता, त्याच्या पुढची बाई 'हो' म्हणाली होती. इतका सोपा प्रश्न.

"ती घरी नाही," मी म्हणालो.

"घरी नसल्या तरी चालेल. हयात आहेत ना?"

"धुळ्याला गेली होती. मुलीकडे."

"मग आल्यावर आधार घेऊन पाठवा. कधी येणार?"

"येणार नाही."

मयुरीने आता मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मुलगी चांगली होती. आवाज खाली घेऊन म्हणाली, "काका, मी काही ऐकलं नाही. तुम्ही नुसतं हो म्हणा. पावती लगेच निघते. नाही म्हणालात तर सगळं लांबेल."

मागून कोणीतरी म्हणालं, "हो म्हणा ना काका, जेवणाची सुट्टी होऊन जाईल!"

आता इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. फेब्रुवारीपासून माझ्याकडे जो येईल तो विचारायचा, आणि मला सांगावं लागायचं. सुरुवातीला मी सांगायचो, 'तिला बरं नव्हतं.' मग सांगायला लागलो, 'धुळ्याला होती.' पुण्यानुमोदनाच्या दिवशी श्रद्धांजली वाहताना माईकवर दुसऱ्यांनी सांगितलं, तेव्हाही मी खुर्च्या मोजत होतो. 'ती गेली' हे दोन शब्द मला मेच्या आसपास नीट म्हणता यायला लागले. फार कष्टाने शिकलेली गोष्ट. सूट मिळते म्हणून ती परत विसरणं मला जमलं नाही.

"मयत आहे," मी म्हणालो. आवाज जरा मोठा झाला असावा, कारण शेजारच्या पाणीपट्टीच्या रांगेतलेही वळून बघायला लागले.

मयुरीने एक बटण दाबलं. समोरची ओळ लाल झाली. "खातं थांबलं काका," ती म्हणाली. "आता वारसाची नोंद झाल्याशिवाय पावती निघणार नाही." मग तिने एका कागदाच्या मागच्या बाजूला मला काय काय आणायचं ते लिहून दिलं. मृत्यूचा दाखला, तो जिथे मृत्यू झाला तिथला, म्हणजे धुळ्याचा. मुलीचं संमतीपत्र. प्रतिज्ञापत्र. आणि शेवटी घराची मोजणी. "ती काय, साहेब येऊन फूटपट्टी लावून जातात," ती म्हणाली. जणू काही डॉक्टर येऊन नाडी बघून जाणार होते.

कर बुडवायला माणसाला काय करावं लागतं ते मला माहीत नाही. पण कर भरायला एवढं करावं लागतं, हे मला त्या दिवशी समजलं.

पिंप्राळ्यात आमची गल्ली लहान आहे. मी रिक्षातून उतरून कुलूप काढेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचलेली होती, कारण पाणीपट्टीच्या रांगेत आमच्या गल्लीतल्या प्रमिलाबाईंचा भाडेकरू उभा होता. समोरच्या ओट्यावर झिपरू आबा बसले होते. आबा ऐंशीच्या पुढचे, पारोळ्याकडच्या खेड्यातून इथे येऊन जन्म गेला, पण बोली सोडली नाही.

"रुपचंद, आठे ये," आबा म्हणाले. "तुले कोणी इचारं व्हतं का रे?"

"हो आबा, विचारलं ना. खिडकीतल्या मुलीनेच विचारलं."

"इचारं म्हणीसन सांगी देवानं का? बठ्ठी गल्ली चूप शे. मना बाप आजून कागदवर जित्ता शे, आन तू बायकोले मारी टाकं!"

मला वाटलं आबा रागाच्या भरात बोलतात. पण नाही. आबांचं घर आबांच्या वडिलांच्या नावावर आहे. आबाच ऐंशीचे, म्हणजे वडील शंभरी ओलांडून केव्हाच पुढे गेले असणार, आणि दरवर्षी नियमाने पट्टी थकवत असणार. तेवढ्यात प्रमिलाबाई आल्या. त्यांचं घर सासऱ्यांच्या नावावर. सासरे गेले तेव्हा पिंप्राळ्यात एवढी घरंही नव्हती. त्यानंतर त्यांच्या नावावरच्या घरावर वरचा मजला चढला, मागे दोन खोल्या निघाल्या, त्यात स्पर्धा परीक्षेची मुलं राहायला आली, आणि कागदावर मात्र अजून सासरे एकटेच कौलाच्या घरात राहतात. "मीसुद्धा परवा हयात म्हणून सांगून आले," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ओटीपी माझ्या मोबाइलवर आला. काही अडलं नाही."

शेजारी जहांगीरभाई. कूलर बनवतात. पुढच्या खोलीत पत्रा कापतात, मागच्या खोलीत राहतात. त्यांचं घर आजोबांच्या नावावर, 'राहण्यासाठी' म्हणून. जहांगीरभाई हातातला स्क्रूड्रायव्हर कानामागे लावत म्हणाले, "तायडेभाऊ, वाईट नका वाटून घेऊ. पण आपल्या गल्लीत आजपर्यंत कोणी मेलेलं नाही."

मी विचार केला, आणि ते बरोबर होतं. मी इथे राहायला आल्यापासून आमच्या गल्लीतून कितीतरी माणसं खांद्यावर गेली. प्रत्येकाला आम्ही पोचवून आलो. पण महापालिकेच्या कॉम्प्युटरवर आमच्या गल्लीत एकही मयत नव्हतं. नुसती म्हातारी आणि अति म्हातारी माणसं. लिला ही गल्लीतली पहिली.

"पहिलं मयत झालं की बघायला येतात," प्रमिलाबाई म्हणाल्या. "आणि बघायला आले की एकच घर बघून जात नाहीत."

त्या दिवसापासून माझी झोप गेली ती गेलीच. आधी मी लिलाच्या आठवणीने जागा असायचो, आता घरपट्टीने. खरं सांगायचं तर त्यात थोडा बदल वाटला. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी फुलं यायची, ती बंद झाली. मी 'सुप्रभात' टाकलं तर खाली निळ्या खुणा दिसायच्या, उत्तर नाही. घंटागाडीवाल्याशी मी बोलत उभा राहिलो की प्रमिलाबाई खिडकीचा पडदा ओढून घ्यायच्या. त्यांना वाटायचं, महापालिकेच्या माणसाला मी आणखी काही सांगतोय. मी फक्त ओला कचरा कुठे टाकू विचारत होतो. ते लिला बघायची.

गंमत म्हणजे, पट्टी का भरत नाही, याचं प्रत्येकाकडे एक कारण होतं, आणि ते कारण मला खरं वाटायचं. आबा म्हणायचे, गटार बांधा, मग भरू. जहांगीरभाई म्हणायचे, खरं सांगितलं तर धंद्याचा दर लागेल, आणि धंदा चालतो मार्च ते जून. बाकीचे आठ महिने काय पंख्याची हवा खाऊन भरू? प्रमिलाबाईंचं म्हणणं होतं की त्या पट्टी भरतात, फक्त खालच्या मजल्याची. वरचा मजला महापालिकेने बांधून दिला का? मग? मला तिघांनाही उत्तर देता यायचं नाही. आणि मी का भरायला निघालोय, तेही सांगता यायचं नाही. लिला भरायची म्हणून. हे काही कारण नव्हे, पण माझ्याकडे दुसरं नव्हतं.

दाखला आणायला धुळ्याला गेलो. एरंडोल, पारोळा, धुळे. एसटीची खिडकी उघडी ठेवली तर भट्टी, बंद केली तर कुकर. कागदांची पिशवी मी मांडीवर दोन हातांनी धरून बसलो होतो. शेजारच्या बाईने विचारलं, "दागिने आहेत का?" मी म्हणालो, घरपट्टी आहे. ती सरकून बसली.

मुलगी सपना स्टँडवर घ्यायला आली होती. तिच्याच घरी लिलाला छातीत कळ आली, आणि तिच्याच घरून दवाखान्यात नेली. सपनाने जेवायला वाढलं, आणि संमतीपत्रावर सही करायला बसली तेव्हा सगळं नीट वाचलं. ती शाळेत शिकवते, त्यामुळे वाचल्याशिवाय सही करत नाही.

"पप्पा, यात मम्मीचं नाव काढायचं आहे."

"काढायचं नाही. माझं लावायचं आहे."

"एक लावायचं तर दुसरं काढावंच लागतं ना पण."

"तसा नियम असेल."

तिने सही केली. मग उठून आत गेली, आणि बराच वेळ आतून नुसता नळाचा आवाज आला. जावई प्रशील माझ्याकडे बघून म्हणाला, "पप्पा, दाखल्याचं काम आज होऊन जाईल, चला." भला माणूस. त्या दिवशी दवाखान्यात सगळं त्यानेच धावपळ करून निभावलं होतं. मी तर बाकावर बसून होतो. कोणी काही विचारलं की तोच सांगायचा. नाव, वय, पत्ता.

पत्ता. दाखला हातात आला तेव्हा मला दिसलं. 'मयताचा राहण्याचा पत्ता' या जागी धुळ्याचा पत्ता होता, देवपुरातला, सपनाच्या घराचा. गडबडीत प्रशीलने स्वतःचाच सांगितला होता. त्याने कपाळाला हात लावला. मी म्हणालो, "असू दे. पत्त्याने काय होतं?"

पत्त्याने काय होतं ते मयुरीने दुसऱ्या दिवशी सांगितलं.

"काका, ही बाई धुळ्याची आहे."

"ती माझी बायको आहे."

"पण आपली लिलाबाई पिंप्राळ्याला राहते. ही लिलाबाई देवपूर, धुळे इथे राहत होती. दोघी वेगळ्या असू शकतात ना? मी तुमच्यासाठी नाही म्हणत, फाइलसाठी म्हणते."

"म्हणजे आता काय?"

"म्हणजे या दाखल्याने धुळ्याची लिलाबाई मयत झाली. आपली अजून झाली नाही. तुमच्या तोंडी सांगण्यावरून मी खातं थांबवलंय, पण कागदाने त्या हयातच आहेत."

खरं सांगतो, खोटं कशाला बोलू, मला क्षणभर बरं वाटलं. धुळ्यात कोणीतरी लिलाबाई वारली, वाईट झालं बिचारीचं. आमची पिंप्राळ्यात आहे. मी खिडकीपाशी तसाच उभा राहिलो. मागचा माणूस म्हणाला, "झालं का काका?" तेव्हा भानावर आलो.

यावर उपाय होता. दोन्ही लिलाबाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करायचं, आणि त्यावर तिला ओळखणाऱ्या दोन शेजाऱ्यांनी साक्षीदार म्हणून ऑफिसात येऊन सह्या करायच्या. स्वतःचं आधार आणि घराचा नंबर लिहून.

आता गल्लीत लिलाला न ओळखणारं माणूस नव्हतं. पण मी विचारायला गेलो आणि एकेकाची ओळख पातळ व्हायला लागली.

"ओळखतो म्हणजे काय," प्रमिलाबाई म्हणाल्या, "येता-जाता बोलायचो, एवढंच." त्यांच्या वरच्या मजल्याचं बाळंतपण लिलाने केलं होतं, म्हणजे भाडेकरणीचं, पण एकच.

आबा म्हणाले, "मना आंगठाच उमटत नही आते. झिजी गया." हे आबा दर महिन्याला रेशन दुकानात अंगठा लावून धान्य आणतात.

जहांगीरभाई मान खाली घालून पत्रा कापत राहिले. त्यांची बायको नूरबी दारात उभी होती. ती मला सोडायला फाटकापर्यंत आली.

"भाऊ, त्यांचं मन नाही असं नाही," ती म्हणाली. "घराचा नंबर लिहायचा म्हणून घाबरतात. आजोबांचं नाव उघडं पडेल. धंद्याचा दर लागला तर मुलीचं कॉलेज बंद करावं लागेल. शाझियाची फी अजून अर्धी बाकी आहे."

"असू दे नूरबी."

"लिलाबाजी मला दरवर्षी बोलवायची. चल, तू बी भर म्हणायची. मी एकदा विचारलं, भरून तुला काय मिळतं? रस्ता तर तुझ्या दारात बी नाही अन् माझ्या दारात बी नाही."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, लहानपणी गावात विहिरीवर गेलं की आईला विचारायचे, तुमचं इथं काय आहे? आईला काही सांगता यायचं नाही. मला कोणी विचारलं तर मी सांगीन, इथं माझी पट्टी आहे."

बत्तीस वर्षांच्या संसारात हे मला कधी बोलली नाही. मी विचारलंच नव्हतं. मी तिला फक्त सूट किती मिळाली ते विचारायचो.

साक्षीदार मिळाले नाहीत, पण मोजणीची तारीख मिळाली. ऑफिसचं असंच असतं. जे मागावं ते अडतं, जे टाळावं ते वेळेवर येतं. मी ग्रुपवर प्रामाणिकपणे कळवलं की उद्या सकाळी मोजणीचे साहेब माझ्या घरी येणार आहेत. न कळवता साहेब आले असते तर लोक म्हणाले असते, दगा दिला. कळवलं तर म्हणाले, धमकी देतो.

सकाळी दार वाजलं. जहांगीरभाई, आणि त्यांच्यामागे हातगाडीवर कूलर. तयार झालेले, न खपलेले, नुसते सांगाडे, सगळे.

"तायडेभाऊ, एक तासासाठी मागच्या खोलीत ठेवू द्या. पुढे रस्त्यावर दिसतात ना. साहेब गेले की उचलतो."

मी म्हणालो, साहेब तर माझ्याच घरी येणार आहेत. ते म्हणाले, "तुमचं घर साधं आहे, ते काय बघणार? दोन खोल्या मोजतील अन् जातील. बघणार ते आमचं." काळजीत माणसाला शेजाऱ्याचं घर नेहमी सुरक्षित वाटतं. मला नाही म्हणता आलं नाही. रांगेत लोकांना पुढे जाऊ देणारा माणूस मी. दारातून आत येऊ द्यायला वेळ किती लागणार?

कूलर आत गेले तोवर प्रमिलाबाईंची मुलं आली. पुस्तकं, गाद्या, एक शेगडी. "काका, आम्ही तुमच्या हॉलमध्ये अभ्यास करत बसतो. काकू म्हणाल्या, विचारलं तर भाचे म्हणून सांगा." प्रत्येकाचं आडनाव वेगळं होतं, एक जण नंदुरबारचा, एक परभणीचा. इतक्या लांब लांब बहिणी दिल्याचं मला आठवत नव्हतं. आबांनी मात्र काही आणलं नाही. ते स्वतःच येऊन खुर्चीत बसले. "मी कागदवर नही शे," म्हणाले, "मना बाप शे. म्हणीसन मी आठे बसस."

आणि साहेब आले. अतिक साहेब म्हणत त्यांना. तरुण, शांत, हातात मोजणीचं छोटं यंत्र, भिंतीवर लाल ठिपका टाकणारं. तो ठिपका हॉलभर फिरला. भाच्यांवरून गेला, आबांच्या टोपीवरून गेला, आणि मागच्या खोलीच्या दारात थांबला.

"हे काय आहे?"

"कूलर," मी म्हणालो.

"ते दिसतंय. इतके?"

मी मागच्या खोलीचं दार जरा ओढून घेतलं.

"काका, तुम्ही अर्जात लिहिलंय, राहण्यासाठी. इथे तर उत्पादन चालतं. आणि पुढे हे सगळे?" त्यांनी भाच्यांकडे बोट केलं. भाच्यांनी पुस्तकांत डोकी घातली. "हे वसतिगृह आहे का?"

तीस वर्षं ज्या घराची पट्टी वेळेवर गेली, ते गल्लीतलं एकमेव सरळ घर, आणि आता त्यात कारखानाही निघाला आणि वसतिगृहही. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. हे कूलर शेजारचे, ही मुलं पलीकडची. अगदी खरं वाक्य. खिडकीत मला एक खोटा शब्द बोलता आला नव्हता, तर आता खरं बोलायला काय हरकत होती?

मागच्या दाराशी नूरबी उभी होती. पदराचं टोक तिने दातात धरलं होतं. तिच्यामागे जहांगीरभाई, आणि त्यांच्या कानामागे तो स्क्रूड्रायव्हर होता.

"माझेच आहेत," मी म्हणालो.

"कूलर?"

"हो. निवृत्तीनंतर जरा हातपाय हलवतो."

"आणि ही मुलं?"

"भाचे आहेत."

आबा खुर्चीतून म्हणाले, "बठ्ठा भाचा शेतस त्याना. मोठं खानदान शे."

अतिक साहेब मागच्या खोलीत गेले. वाकून एका कूलरचं दार बघितलं. मग दुसऱ्याचं. मला तेव्हा आठवलं की प्रत्येक कूलरवर लाल रंगाने मोठ्या अक्षरांत 'जहांगीर कूलर्स' लिहिलेलं असतं, खाली मोबाइल नंबरसकट.

"काका, तुमचं नाव रुपचंद ना?"

"हो."

"मग जहांगीर कोण?"

"ते," मी म्हणालो, "कंपनीचं नाव आहे."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. मग भिंतीवर लिलाचा फोटो होता, त्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले, आणि कागदावर लिहिलं. अर्धं घर वाणिज्य. "हरकत घ्यायची असेल तर मुदत असते," जाताना एवढंच बोलले.

ते गेल्यावर भाचे एकेक गादी गुंडाळून निघून गेले. जहांगीरभाईंनी कूलर उचलले, पण एक उचलला नाही. सर्वांत मोठा, नवा, खिडकीत बसवून, पाणी भरून, चालू करून गेले. आबा उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "आते तू आमना माणूस व्हयना."

मी इतकी वर्षं या गल्लीत राहतो. माझ्या घरची जयंतीची खीर प्रत्येक घरात जाते, ईदचा शिरखुर्मा मला येतो. पण आमचा माणूस म्हणवून घ्यायला मला खोटं बोलावं लागलं. हा मान घ्यावा की नाकारावा, ते मला कळेना. मी कूलरसमोर बसून राहिलो. हवा मात्र चांगली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नूरबी आधार कार्ड घेऊन दारात उभी होती. "चला भाऊ, कुठे सही करायची?" जहांगीरभाई रिक्षा घेऊन आले. त्यांनी तिला अडवलं नाही, उलट म्हणाले, "घराचा नंबर लिहिला तर लिहिला. आमचे आजोबा बी किती दिवस जगणार?" आणि दुसरे साक्षीदार म्हणून आबा रिक्षात आधीच येऊन बसलेले. अंगठा झिजला होता त्याचं काय, मी विचारलं. म्हणाले, "रातभर तेल लावं." एका खोट्याने मला दोन खरे साक्षीदार मिळाले. असं का होतं, ते मला माहीत नाही. प्रमिलाबाई आल्या नाहीत, पण ग्रुपवर त्यांनी फूल टाकलं.

ऑफिसात आबांनी अंगठा लावला, आणि तो पहिल्याच वेळी उमटला. नूरबीने सही केली. मयुरीने दोन्ही लिलाबाई एक केल्या. धुळ्याची आणि आमची.

"झालं काका," ती म्हणाली. "सगळी फाइल पूर्ण आहे. वाणिज्यची हरकत नंतर घेता येईल. आता ही तुमची सही, की आज नोंद होईल, आणि आजच पट्टी भरता येईल. सूट मिळण्याचा आज शेवटचा दिवस आहे, बरोबर वेळेवर आलात."

तिने अर्ज माझ्यापुढे सरकवला. छापील अर्ज होता. पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, 'कमी करावयाचे नाव'. त्यापुढे मयुरीच्या सुबक अक्षरात, लिलाबाई रुपचंद तायडे. त्याखाली 'कारण', आणि कारणापुढे, मयत. त्याखाली 'दाखल करावयाचे नाव', त्यापुढे माझं. मग सहीची जागा.

पेन माझ्या हातात होतं. नूरबी बाजूला उभी होती. कोणी आपल्याला विचारलं, तुमचं इथं काय आहे, तर लिलाकडे सांगायला एवढी एकच गोष्ट होती. तिच्या नावाची पट्टी. ती तिने वेळेवर भरून ठेवली होती. आणि तिचं नाव कमी करावं, अशी विनंती महापालिकेला मी करायची होती.

"काका?" मयुरी म्हणाली.

"जरा पाणी पिऊन येतो," मी म्हणालो, आणि मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं.

मी पाणी प्यायलो. मग आबांना जिना उतरवायला मदत केली, कारण ते दमले होते. मग आम्ही चौघे त्याच रिक्षाने घरी आलो.

आता जुलै संपत आला आहे. सूट गेली. व्याज लागायला सुरुवात झाली असेल. मयुरीचा दोनदा फोन आला, काका, फाइल तशीच आहे, कधीही या. हरकतीची मुदतही जवळ आली आहे. लिलाची घरपट्टी यंदा भरलेली नाही. अर्जावर माझी सही राहिली आहे.